तलावात फांद्या बुडवल्या की मासे वाढतात का?

मोबाइलवर गेली काही वर्षे एका प्रकारचे व्हिडिओ सतत फिरत असतात. एखादा अमेरिकी मासेमार नाताळात वापरून झालेले झाड होडीत घालतो, त्याच्या बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधतो, ते तलावात ढकलून देतो आणि काही महिन्यांनी नेमक्या त्याच जागी गळ टाकून भराभर मासे काढतो. हे पाहिल्यावर सुटीच्या दिवशी गरी घेऊन खिंडसीच्या किंवा एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठावर बसणाऱ्या हौशी नागपूरकराला आणि शेततळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्या शेतकऱ्याला एकच प्रश्न पडतो: आपल्याकडे बाभळीच्या फांद्यांना तोटा नाही, मग हा प्रयोग इथे का करू नये?

प्रश्न सरळ असला तरी उत्तर दोन भागांत द्यावे लागते. फांद्या बुडवल्याने मासे जमतात, हे जवळजवळ खात्रीने सांगता येते. मासे वाढतात की नाही, हे मात्र तलाव कसा आहे, त्यात कोणते मासे आहेत आणि फांद्या बुडवणारा त्यानंतर कसा वागतो, यावर ठरते. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच या विषयावर इतका गोंधळ आहे.

कल्पना अमेरिकेची नव्हे

पाण्यात मुद्दाम बुडवलेल्या फांद्या, काटक्या, बांबू यांच्या भाऱ्याला या लेखात ‘झाडोरा’ म्हटले आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९३० च्या दशकात याचे पद्धतशीर प्रयोग झाले, पण झाडोऱ्याने मासे जमवण्याची युक्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. आसामच्या बीलांमध्ये, म्हणजे पूरमैदानातल्या तलावांमध्ये, तिला जेंग म्हणतात, केरळच्या खाडीपाण्यात पडल म्हणतात, बांगलादेशात काठा म्हणतात आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाच्या खाजणांत अकाजा म्हणतात. ही नावे ज्या समाजांनी दिली, त्यांनी माशांच्या वागण्याचे शास्त्र पुस्तकातून शिकलेले नव्हते.

अमेरिकेत त्याची एवढी गरज का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. तिथले अनेक मोठे तलाव म्हणजे धरणांचे जलाशय. धरण भरले तेव्हा पाण्याखाली गेलेली झाडे काही दशकांत कुजून गेली, वरून गाळ बसला आणि तळ सारवलेल्या अंगणासारखा सपाट झाला. अशा अंगणात चिमणीला जसा कुठे आडोसा उरत नाही, तसा त्या तळावर माशाला उरला नाही. पूर्व विदर्भातल्या मामा तलावांची कथा थोडी वेगळी आहे. त्यांच्या उथळ काठांवर पूर्वी पाणवनस्पतींची दाटी असे. ती गाळाने आणि काठावर माजलेल्या बेशरमाच्या झुडपांनी बरीच कमी झाली. भंडारा-गोंदिया भागात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या स्त्रियांच्या गटांनी हे बेशरम उपटून तलावांत पुन्हा देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. माझ्या मते बुडवलेल्या झाडोऱ्यापेक्षा ते काम मोलाचे आहे, कारण जिवंत वनस्पती स्वतः वाढते आणि पाण्यात प्राणवायूही सोडते. झाडोरा ही त्या वनस्पतींची तात्पुरती बदली आहे.

मासा फांदीकडे का येतो

पहिले कारण अन्न. कोणतीही वस्तू पाण्यात काही दिवस राहिली की बुळबुळीत होते. घाटाच्या खालच्या पायरीवर पाय घसरतो तो याच थरामुळे. सूक्ष्म शैवाल, जिवाणू आणि त्यांच्यात अडकलेले कण मिळून तो बनतो. त्याला आपण शेवाळथर म्हणू. या थरावर किड्यांच्या अळ्या, गोगलगायी आणि बारीक झिंगे चरतात, त्यांच्यामागे लहान मासे येतात आणि लहान माशांमागे मोठे. फांद्यांमुळे होते ते एवढेच, की हा थर धरायला जागा वाढते. तीन सेंटिमीटर जाडीच्या आणि दोन मीटर लांबीच्या पन्नास काठ्या एक चौरस मीटर तळावर उभ्या केल्या, तर त्यांचा पृष्ठभाग मिळून सुमारे साडेनऊ चौरस मीटर भरतो. शहरातल्या जमिनीच्या तुकड्यावर बैठे घर पाडून नऊ-दहा मजली इमारत उभी राहावी, तसा हा हिशेब आहे.

दुसरे कारण लपण्याची सोय. बोटभर मासा दाट काटक्यांत शिरला की मरळीसारख्या शिकारी माशाला त्याच्यामागे वेगाने धावता येत नाही. गंमत अशी, की त्याच झाडोऱ्याच्या कडेला मरळ स्वतः दबा धरून बसते. म्हणून काटक्या कशा रचल्या याला महत्त्व आहे. फटी बारीक असतील तर त्या पिलांच्या उपयोगी पडतात आणि फटी मोठ्या ठेवल्या तर शिकाऱ्याची सोय होते. ज्या मासेमाराला मोठा मासा हवा असतो, तो विरळ फांद्यांचे झाड निवडतो. शेतकऱ्याने त्याचे अनुकरण केले, तर आपल्याच पैशाने आणलेली बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिले, तो मरळीच्या तोंडी देईल.

तिसरे कारण सावली. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की सिग्नल लाल असताना दुचाकीवाले थांब्याच्या रेषेपर्यंत जात नाहीत, अलीकडच्या झाडाच्या सावलीतच रांग लावतात. उथळ तलावातला मासाही दुपारी तेच करतो. शिवाय सावलीतल्या माशाला उजेडातले स्पष्ट दिसते आणि उजेडातल्याला सावलीतले दिसत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

जमणे वेगळे, वाढणे वेगळे

आता खरा मुद्दा. एखाद्या ओसाड चौकात तर्री-पोह्यांची गाडी लागली, तर सकाळी आठ वाजता तिथे पन्नास माणसे दिसू लागतात. त्यावरून नागपूरची लोकसंख्या पन्नासने वाढली असे कोणी म्हणणार नाही, कारण ती माणसे आधीही शहरातच होती, फक्त विखुरलेली होती. झाडोऱ्याभोवती आठवड्याभरात दिसू लागणारे मासे बहुतांशी असेच असतात. तलावात ते आधीच होते आणि आता एका जागी सापडतात. गरी टाकणाऱ्याला ‘तलावात मासे वाढले’ असे वाटते ते त्यामुळे. प्रत्यक्षात मासे वाढलेले नसून ते पकडणे सोपे झालेले असते, आणि ज्या तलावात आधीच मासे कमी आहेत तिथे ही सोय घातक ठरू शकते, कारण उरलेसुरले मासेही एका ठिकाणी येऊन हाती लागतात.

मग झाडोऱ्याने मासे कधीच वाढत नाहीत का? वाढतात, पण आसरा किंवा अन्न यांचाच तुटवडा असेल तेव्हा. विस्कॉन्सिन राज्यातल्या लिटल रॉक तलावात शास्त्रज्ञांनी याची उलट बाजूने परीक्षा घेतली. तो तलाव मध्ये पडदा टाकून दोन भागांत विभागलेला होता. २००२ साली त्यांनी एका भागातल्या पाण्यात पडलेल्या झाडांपैकी बहुतेक काढून टाकली. पुढच्या काही वर्षांत त्या भागातले पर्च नावाचे लहान मासे जवळजवळ संपले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या बास या शिकारी माशांची वाढ मंदावली. म्हणजे लाकूड हा त्या तलावाच्या अन्नसाखळीचा भाग होता. पण असलेला आसरा काढल्याने नुकसान होते, यावरून आसरा वाढवत नेला की मासेही त्या प्रमाणात वाढत जातील असे सिद्ध होत नाही. घरातला एकमेव पंखा बंद पडला तर हाल होतात, म्हणून सहा पंखे लावल्याने सुख सहापट होत नाही.

आपल्या तलावांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती परदेशी व्हिडिओत दिसणे शक्यच नाही. अमेरिकेतले बास आणि क्रॅपी तलावातच अंडी घालतात, त्यामुळे त्यांच्या पिलांना आसरा दिला तर पुढची पिढी वाढू शकते. आपले रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे नदीचे मासे आहेत. पावसाळ्यात पुराचे वाहते पाणी मिळाल्याशिवाय ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणूनच तलावात त्यांचे बीज दरवर्षी विकत आणून सोडावे लागते. अशा माशांची संख्या झाडोऱ्याने वाढणार नाही. वाढला तर त्यांच्या बोटुकलीचा जगण्याचा टक्का आणि वजन, एवढेच.

कोणता मासा येईल, कोणता येणार नाही

रोहूला शेवाळथर आवडतो, आणि बांगलादेशात तळ्यांमध्ये बांबू रोवून केलेल्या प्रयोगांत रोहूची वाढ अधिक चांगली झाल्याचे आढळले आहे. कटला वरच्या थरातले तरंगते सूक्ष्म जीव खातो, म्हणून त्याला काठ्यांचे विशेष कौतुक नाही. मृगळ तळाचा गाळ चाळतो, त्यालाही फरक थोडाच. मरळ, शिंगी, मागूर यांना आडोसा मनापासून आवडतो. बाजारात चिलापी म्हणून मिळणारा तिलापियाही शेवाळथरावर चांगला पोसतो. तो परका मासा आहे आणि एकदा शिरला की भराभर पिलावळ वाढवतो, त्यामुळे जिथे तो आधीच माजला आहे, तिथे झाडोऱ्याचा पहिला लाभार्थी तोच ठरण्याची शक्यता आहे.

काय बुडवावे आणि काय बुडवू नये

इथे घाई केली की प्रयोग फसतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे ताज्या, हिरव्या पाल्यासकट फांद्या टाकणे. पाला पाण्यात कुजतो आणि कुजताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. तीस अंश तापमानाच्या पाण्यात एका लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो, वीस अंशांच्या पाण्यात तो नऊच्या आसपास मावतो. म्हणजे उन्हाळ्यात खाते आधीच रोडावलेले असते, त्यात पहाटेच्या वेळी ते सर्वांत खाली येते. त्या वेळी पाला कुजत असेल तर मासे तोंड वर काढून हवेसाठी धडपडताना दिसतात. म्हणून फांद्या तोडून महिना-दोन महिने वाळवाव्यात, पाने झडू द्यावीत आणि मगच वापराव्यात.

बाभूळ आणि बोर यांचे लाकूड जड व टिकाऊ असते. बांबू हलका असला तरी सरळ, स्वस्त आणि हाताळायला सोपा आहे. तुऱ्हाट्या चालतात, पण एका वर्षात त्यांचा चुरा होतो. पऱ्हाट्या मात्र कितीही फुकट मिळाल्या तरी टाळाव्यात, कारण कपाशीवर हंगामभर झालेल्या फवारण्यांचा अंश त्यांच्याबरोबर पाण्यात जाऊ शकतो. थोर, रुई आणि बेशरम यांसारखी चिकाची झाडे वर्ज्य समजावीत. थोराचा चीक किंवा हिंगणबेटाची फळे पाण्यात कालवून मासे गुंगवण्याची पद्धत जुनी आहे, आणि जे माशाला मारायला वापरतात ते त्याला जोपासायला वापरण्यात अर्थ नाही. टायर, प्लास्टिकचे पाइप, मोडकी खुर्ची असले काही ‘तेवढेच मार्गी लागेल’ म्हणून टाकू नये. फ्लोरिडाच्या समुद्रात १९७० च्या दशकात माशांना आसरा म्हणून सुमारे वीस लाख टायर सोडले गेले, त्यांचे बंध तुटले, ते लाटांबरोबर फिरून नैसर्गिक प्रवाळांवर आदळले आणि ते बाहेर काढण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले.

बांधायला नायलॉनची दोरी वापरू नये, कारण लाकूड कुजून गेल्यावरही ती तलावात राहते आणि कासव, पाणकावळे, मासे तिच्यात अडकतात. काथ्याची दोरी किंवा साधी लोखंडी तार बरी. सुंभ लवकर कुजतो हा एरवी त्याचा दोष, इथे गुण आहे.

फांदी तरंगते, तिला तळाशी ठेवायचे कसे

वाळलेले लाकूड पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे वजन बांधावेच लागते, आणि ते अंदाजाने बांधले तर दुसऱ्या दिवशी भारा काठाला लागलेला दिसतो. पाण्याच्या सत्तर टक्के घनतेचे दहा किलो लाकूड पूर्ण बुडाले तर साधारण चौदा किलो पाणी बाजूला सारते, म्हणजे त्याला वर ढकलणारा जोर चार किलोंहून थोडा जास्त असतो. पण दगडही पाण्यात हलका होतो. काळा दगड आपले सुमारे एक तृतीयांश वजन गमावतो, त्यामुळे हा जोर मोडायला साडेसहा किलो दगड लागतो. विटेचे वजन पाण्यात निम्म्याहून कमी उरते, म्हणून विटा दहा किलोंच्या घरात लागतात. लाटा, वारा आणि पुराचा ओढ लक्षात घेऊन यापेक्षा दुप्पट वजन बांधणे शहाणपणाचे. बांबूच्या पेरांत हवा कोंडलेली असते, तेव्हा प्रत्येक पेराला छिद्र पाडावे. बादलीचा साचा करून काँक्रीटच्या बैठकीत बांबूच्या कामट्या उभ्या रोवल्या तर भारा उलटत नाही. मात्र नव्या सिमेंटमधून चुना पाझरतो, त्यामुळे लहान शेततळ्यात टाकण्यापूर्वी ती बैठक पंधरा दिवस पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे.

शेततळ्याचा विषय निघालाच आहे तर एक घडलेली गोष्ट. माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याने मोठ्या हौसेने बाभळीच्या काटेरी फांद्या आपल्या तळ्यात सोडल्या. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर होते, हे त्याच्या लक्षात होते, पण काटा त्यातून आरपार जाईल असे त्याला वाटले नव्हते. मासे वाढले की नाही हे कळण्याआधीच पाणी उतरले. अस्तर असलेल्या तळ्यात काटेरी लाकूड आणि टोकदार दगड दोन्ही नकोत. काठ घासलेल्या कामट्या आणि खाली जुन्या गोणपाटाच्या दोन-तीन घड्या, एवढीच परवानगी स्वतःला द्यावी.

कुठे आणि किती खोल

शेवाळथराला उजेड लागतो. पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडावी आणि ती जिथे दिसेनाशी होते ती खोली मोजावी. तिच्या साधारण दुपटीपर्यंत शैवाल वाढू शकते. त्याहून खोल टाकलेला झाडोरा अंधारात पडून राहतो, आणि खोल जलाशयात उन्हाळ्यात खालच्या थरात प्राणवायूही फारसा नसतो, म्हणून तिथे मासा फिरकत नाही. उलट फार उथळ टाकला, तर आपल्याकडे दिवाळीनंतर पाणी जसजसे उतरते तसतशा फांद्या उघड्या पडतात. पूर्ण बुडालेले लाकूड सावकाश कुजते. ओले-कोरडे होत राहणारे लाकूड सर्वांत लवकर कुजते. तेव्हा मे महिन्यातल्या पाण्याची रेषा डोळ्यांसमोर ठेवून जागा ठरवावी. पोहण्याचा घाट, गुरे पाण्यावर उतरण्याची वाट आणि सांडव्याच्या तोंडाची बाजू पूर्णपणे सोडावी.

‘विसर्जनाला बंदी, मग याला मुभा कशी?’

हा आक्षेप रास्त आहे. नागपुरात गणेशमूर्ती तलावात विसर्जित करायला मनाई आहे, कृत्रिम हौदांची सोय केली जाते, आणि तरी कोणी तलावात फांद्या टाकायला सांगत असेल तर तो दुटप्पीपणा वाटणारच. फरक पदार्थाचा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, रंगांत जड धातू असू शकतात आणि निर्माल्याचा ढीग काही दिवसांत कुजून प्राणवायू खातो. वाळलेले निष्पर्ण लाकूड मात्र वर्षानुवर्षे हळूहळू कुजते. पण हा फरक प्रमाणात आहे, याचाही विसर पडू नये. शंभर जणांनी शंभर भारे टाकले तर तोही कचराच.

म्हणून शहरातल्या तलावांपुरते माझे मत स्पष्ट आहे: अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा किंवा गांधीसागर यांत कोणीही आपल्या मनाने काहीही बुडवू नये. २०२३ साली २२ सप्टेंबरच्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पहाटे पाणी शिरले, हे शहर विसरलेले नाही. सैल बांधलेला झाडोरा अशा रात्री सुटून सांडव्याला अडकू शकतो. शिवाय सांडपाण्याने पोसलेल्या तलावात शेवाळाचा तुटवडा नसतोच, त्यामुळे तिथे झाडोऱ्याने साधणारही काही नाही. पेंचच्या तोतलाडोह जलाशयात तर राष्ट्रीय उद्यानामुळे मासेमारीलाच बंदी आहे, तेव्हा तिथला प्रश्नच मिटला.

‘आमचे जाळे फाटेल, त्याचे काय?’

हा प्रश्न ढिवर बांधव विचारतात, आणि हौशी मंडळींकडे त्याचे उत्तर नसते. गावोगावच्या बहुतेक तलावांतली मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. बीज त्यांच्या पैशाने पडते, ठेक्याची रक्कम ते भरतात. त्या पाण्यात रविवारी आलेल्या कोणी गुपचूप झाडोरा बुडवला तर ओढजाळे त्यात अडकून फाटते. जाळ्याचे हे वैर इतके पक्के आहे, की रात्री चोरून जाळे टाकणाऱ्यांना अडवण्यासाठी तळ्याचे मालक स्वतःच काटेरी फांद्या पाण्यात टाकतात. म्हणजे एकच फांदी मालकाने टाकली तर राखण होते आणि परक्याने टाकली तर नुकसान. बेनिनमध्येही अकाजावरून भांडणे झाली ती याच कारणाने: ज्याने सामाईक खाजणात फांद्या रोवल्या तो त्या पाण्यावर हक्क सांगू लागला आणि इतरांची जाळी टाकायची जागा आक्रसली. तिथे फांद्यांसाठी काठावरची झाडेही मोठ्या प्रमाणात तुटली.

संस्थेने ठराव करून तलावाचा एक कोपरा झाडोऱ्यासाठी राखला, त्याच्या चारही टोकांना उंच बांबू उभे करून खूण केली आणि त्या कोपऱ्यात जाळेही नाही, गरीही नाही असे ठरवले, तर मात्र चित्र बदलते. तिथे मासे जमतात पण पकडले जात नाहीत, बोटुकली थोडी मोठी होऊन उरलेल्या तलावात पसरते आणि ओढजाळ्याला मोकळे पाणी मिळते.

आपल्या तलावात नेमके काय घडले, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. झाडोरा टाकण्यापूर्वीच्या हंगामात एका वयाच्या रोहूचे सरासरी वजन किती भरत होते आणि पूर्ण तलावातून एकूण किती किलो मासळी निघाली, हे संस्थेच्या वहीत सहसा असते. दोन हंगामांनी तेच आकडे पुन्हा पाहावेत, मात्र सोडलेले बीज आणि पावसाने भरलेले पाणी दोन्ही वेळा साधारण सारखे होते ना, एवढे बघावे. झाडोऱ्यापाशी मासा लवकर लागतो, पण तलावाची एकूण मासळी तेवढीच आहे, तर फक्त गर्दी एका जागी आली. त्याच वयाचा रोहू जास्त भरू लागला, तर काठ्यांवरचा बुळबुळीत थर त्याच्या पोटात जाऊ लागला आहे.